रक्तांतील जागल्या

इसवी सन १९७० च्या सुमारास युरोप-अमेरिकेंतील कर्करोगाच्या प्रयोगशाळांतून एक परीक्षा नित्य होत असे. कर्करोगाच्या पेशी घ्यावयाच्या, त्यांच्यांत किरणोत्सर्गी क्रोमियम भरावयाचें, आणि मग त्यांच्यावर रोग्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी सोडावयाच्या. चार तासांत किती क्रोमियम बाहेर सांडलें तें मोजलें म्हणजे किती पेशी फुटल्या, अर्थात् किती मारल्या गेल्या, याचा हिशोब लागे. हिशोब चोख असावा म्हणून शेजारच्या नळींत निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी ठेवीत. निरोगी माणसाला तो रोग कधीं झालेला नाहीं, त्याच्या पेशींची त्या शत्रूशीं ओळख नाहीं. तेव्हां त्या नळींत कांहींहि घडूं नये, अशी अपेक्षा. परंतु घडे. कधीं कधीं तर रोग्याच्या पेशींपेक्षां निरोग्याच्याच पेशी अधिक मारीत.

बहुतेकांनीं हा हाताचा किंवा सामग्रीचा दोष मानला. नको असलेला आंकडा ‘गोंगाट’ ठरवून वजा करावयाचा, हा व्यवहार शास्त्राच्या दरबारांतहि चालतो. १९७३ सालीं लॉस एंजेलिस येथील ताकासुगी, मिकी व तेरासाकी या तिघांनीं निरोगी माणसांच्या पेशींची ही मारकशक्ति निबंधरूपानें प्रसिद्ध केली. ती खरी मानली तर आधींच्या कित्येक वर्षांचे निष्कर्ष पुन्हा तपासावे लागणार होते. म्हणून ती सहजासहजीं मानली गेली नाहीं. वजाबाकींत टाकून दिलेल्या या आंकड्यांतून पुढें जें निघालें, त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि रक्ताच्या कर्करोगानें गांठलेल्या माणसांच्या दृष्टीनें तो नुसता मनोरंजक नाहीं.

तो समजण्यासाठीं प्रथम सव्वाशें वर्षें मागें जावें लागतें. १८४५ सालीं एडिंबरो येथें घरांच्या छपरांवर दगडी पाट्या बसविणारा २८ वर्षांचा एक कारागीर मरण पावला. जॉन ह्यूज बेनेट या वैद्यानें त्याचा देह तपासला तेव्हां प्लीहा अतिशय वाढलेली आढळली व रक्त पुवासारखें दिसलें. रक्तांतच पू झाला, असा बेनेटनें तर्क केला. त्याच वर्षीं बर्लिनच्या शारिटे रुग्णालयांत पन्नास वर्षांच्या एका स्वयंपाकिणीचा देह रुडॉल्फ विरशॉ याच्या हातीं आला. विरशॉ त्या वेळीं पंचविशींतहि पोंचला नव्हता. पू व्हावयाला कोठें तरी जखम अगर दाह हवा. तो येथें नाहीं, मग हा पू कसला, असा त्याचा सरळ प्रश्न होता. त्यानें या विकाराला नुसतें ‘पांढरें रक्त’ म्हटलें, आणि १८४७ सालीं त्याच शब्दांचा ग्रीक अवतार करून ‘ल्युकेमिया’ हें नांव ठेवलें. पहिलेपणाचा मान कोणाचा यावरून पुढें वाद झाला. बेनेटचें वर्णन कांहीं आठवडे आधीं छापलें गेलें, परंतु अर्थ विरशॉला अधिक बरोबर लागला, असा निवाडा आज देतात. तो न्याय्य वाटतो.

ल्युकेमियांत विलक्षण गोष्ट ही कीं, ज्या पेशींनीं शरीराचें रक्षण करावयाचें त्यांच्यांतलाच एखादा वंश बेबंद होतो. अस्थिमज्जेंत अपक्व पेशींची भाऊगर्दी उडते, तांबड्या पेशींना व रक्त गोठविणाऱ्या कणांना जागा उरत नाहीं, आणि रोगी पांढराफटक पडतो, अंगावर रक्ताचे डाग उमटतात, साध्या तापानें दगावतो. कुंपणानेंच शेत खाल्लें, म्हणतात तें हें! मग प्रश्न असा पडतो कीं, कुंपण फितूर झालें असतां राखणदारांपैकीं कोणी इमानी उरतो कीं नाहीं?

१९०९ सालीं पॉल एर्लिख यानें असें मत मांडलें कीं, शरीरांत विकृत पेशी वारंवार उत्पन्न होत असाव्यात, आणि शरीराची अंगभूत संरक्षणव्यवस्था त्यांना दाबीत नसती तर कर्करोगाचें प्रमाण भयानक झालें असतें. ही कल्पना जवळजवळ अर्धशतक पडून राहिली. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत लुइस टॉमस व ऑस्ट्रेलियांत मॅकफर्लेन बर्नेट यांनीं तिला नवें रूप दिलें. शरीरांत सतत गस्त चालू असते, आणि पेशीनें बंड केलें कीं गस्तवाले तिला पकडतात, असा त्यांचा सिद्धान्त. गस्तवाला कोण? तर थायमस नांवाच्या ग्रंथींत शिकून तयार झालेली पांढरी पेशी, जिला पुढें टी-पेशी म्हणूं लागले. १९७४ सालीं ओसियास स्टटमन यानें हा सिद्धान्त कसोटीला लावला. जन्मतः केस नसलेल्या व थायमस नसलेल्या उंदरांची एक जात आहे. त्या उंदरांना त्यानें कर्करोग उत्पन्न करणारें रसायन टोंचलें. त्यांच्यांत टी-पेशींची गस्त नाहीं, तेव्हां गांठी पुष्कळ अधिक व्हावयास हव्या होत्या. त्या झाल्या नाहींत; साध्या उंदरांइतक्याच झाल्या. झालें! गस्तीचा सिद्धान्त बहुतेकांनीं मोडींत काढला. त्या उघड्या उंदरांच्या शरीरांत दुसराच एक जागल्या जागा होता, हें तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

तो जागल्या पुढच्याच वर्षीं उजेडांत आला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेंत रोल्फ किसलिंग हा विद्यार्थी एवा क्लाइन व हान्स विग्झेल यांच्यासह काम करीत होता. मोलोनी नांवाच्या विषाणूमुळें उंदरांना एक प्रकारचा ल्युकेमिया होतो. त्या रोगाच्या पेशींवर उंदरांच्या प्लीहेंतील पेशी काय करतात, हें तो पाहत होता. ज्या उंदरांना तो विषाणू कधींच टोंचला नव्हता त्यांच्या प्लीहेंतील पेशीहि ल्युकेमियाच्या पेशींना मारीत. कांहीं जातींच्या उंदरांत ही शक्ति अधिक, कांहींत कमी. मारणाऱ्या पेशींवर टी-पेशींची खूण नव्हती, आणि प्रतिपिंड तयार करणाऱ्या बी-पेशींचीहि नव्हती. याच सुमारास अमेरिकेंत बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत रोनाल्ड हर्बरमन व त्याचे सहकारी स्वतंत्रपणें त्याच निर्णयास आले. १९७५ सालीं दोन्हीकडचे निबंध प्रसिद्ध झाले. पूर्वीं ओळख नसतां, शिकवणी नसतां, स्वभावतःच मारणाऱ्या या पेशींना ‘नैसर्गिक मारक पेशी’ हें नांव पडलें.

एवा क्लाइन ही मूळची बुडापेस्टची. यहुदी म्हणून दुसऱ्या महायुद्धांत तिला लपून जीव वांचवावा लागला होता, आणि १९४७ सालीं ती स्वीडनमध्यें आली. ज्यानें कांहीं अपराध केला नाहीं त्यालाहि नुसत्या ओळखचिन्हावरून मारण्याचा काळ तिनें डोळ्यांनीं पाहिला होता. पुढें तिच्याच प्रयोगशाळेच्या परिसरांत ओळखचिन्हांचें हें कोडें सुटावें, हा योगायोग चुटपूट लावणारा आहे.

माणसाच्या मारक पेशींची परीक्षा पाहावयाची तर एक ठरावीक शिकार हवी. ती टेनेसी राज्यांतून मिळाली. १९७० सालीं ५३ वर्षांच्या एका स्त्रीला दीर्घकालीन ल्युकेमियाची अखेरची अवस्था प्राप्त झाली होती. तिच्या फुप्फुसाच्या आवरणांत सांचलेल्या पाण्यांतून तेथील लोझ्झिओ दांपत्यानें पेशी काढल्या व बाटलींत वाढविल्या. त्या पेशी मेल्या नाहींत. आज जगांतील असंख्य प्रयोगशाळांत ‘के ५६२’ या नांवानें त्या वाढत आहेत. नैसर्गिक मारक पेशी त्यांना इतक्या तत्परतेनें मारतात कीं, कोणाच्याहि रक्ताची मारकशक्ति मोजावयाची म्हणजे ती के ५६२ वर मोजावयाची, असा प्रघात पडला. ज्या रोगानें त्या बाईचा प्राण घेतला त्या रोगाच्या पेशी नळींत इतक्या दुबळ्या कां ठरतात, हें कोडें मात्र आणखी दहा वर्षें तसेंच राहिलें.

सूक्ष्मदर्शकाखालीं ही मारक पेशी इतर लसिकापेशींपेक्षां किंचित् मोठी दिसते व तिच्या अंगांत कण भरलेले असतात. निरोगी माणसाच्या रक्तांतील लसिकापेशींत शेंकडा ५ ते १५ या जातीच्या असतात. कणांत तिचीं शस्त्रें असतात. शिकारीला चिकटून ती पर्फोरिन नांवाचें द्रव्य सोडते. तें शिकारीच्या त्वचेला भोंकें पाडतें, आणि त्या वाटेनें ग्रॅन्झाइम आंत शिरून तिला आत्मनाशाची आज्ञा देतात. हें सर्व कांहीं थोड्या वेळांत आटोपतें.

परंतु मारणें सोपें. कोणाला मारूं नये हें ठरविणें कठीण. टी-पेशीची रीत फौजदारासारखी आहे. तिच्याजवळ एका गुन्हेगाराचें वर्णन असतें, तें जुळलें तरच ती हात उचलते. नैसर्गिक मारक पेशीजवळ असें वर्णन मुळींच नाहीं. मग ती शरीरांतील कोट्यवधि निरपराध पेशींना सोडते कशी? कॅरोलिन्स्का संस्थेंतीलच क्लास कॅरे या तरुणानें १९८१ सालच्या आपल्या प्रबंधांत याचें उत्तर उलट बाजूनें शोधलें. ही पेशी शत्रूची खूण शोधीतच नाहीं. ती घरच्या माणसाची खूण शोधते, आणि ती खूण सांपडली नाहीं कीं वार करते. किल्ल्याच्या दरवाजावरचा पहारेकरी रात्रीं येणाऱ्याचें तोंड पाहत नाहीं, परवलीचा शब्द विचारतो. शब्द आला तर वाट मोकळी. न आला तर भाला. बहुतेक प्रत्येक पेशीच्या अंगावर त्या त्या देहाचें ओळखचिन्ह असतें, मनुष्यांत त्याला एच्‌एल्‌ए म्हणतात. तेंच परवलीचा शब्द.

१९८६ सालीं कॅरे, युंगग्रेन, पिओन्टेक व किसलिंग यांनीं ही कल्पना उंदरांवर सिद्ध करून दाखविली. लसिकापेशींच्या कर्करोगाचे दोन वाण त्यांनीं घेतले; एकावर ओळखचिन्हें शाबूत, दुसऱ्यावर जवळजवळ नाहींत. चिन्हें शाबूत असलेल्या पेशी उंदरांत वाढल्या व त्यांनीं उंदीर मारले. चिन्हें गमावलेल्या पेशींचा उंदरांनींच फडशा पाडला, आणि तो पाडणाऱ्या नैसर्गिक मारक पेशीच होत्या. के ५६२ चें कोडेंहि येथेंच सुटलें. त्या पेशींवर परवलीचें चिन्ह नाहींच. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. टी-पेशीच्या तावडींतून सुटण्यासाठीं कर्करोगाची पेशी पुष्कळदां आपलें ओळखचिन्ह टाकून देते, कारण त्या चिन्हावरच गुन्ह्याचा पुरावा मांडलेला असतो. पुरावा टाकला कीं फौजदार फसतो. पण परवली हरवली म्हणून पहारेकरी सावध होतो. एकाला चुकवावें तर दुसऱ्याच्या हातीं सांपडावें, अशी ही निसर्गाची दुहेरी चौकी आहे.

याच कल्पनेनें आणखी एक जुनें कोडें उलगडलें. अवयवरोपणाचा नियम असा कीं, मुलाच्या अंगावर आई व बाप या दोघांचींहि चिन्हें असतात, म्हणून आईबापांचा कोणताहि ऊतक मुलाला परका वाटूं नये. परंतु १९६४ सालीं कुडकोविच् व स्टिम्पफ्लिंग यांनीं दाखविलें होतें कीं, दोन जातींच्या संकरांतून झालेलें उंदराचें पिलूं आईच्या किंवा बापाच्या मज्जेचें रोपण धुडकावून लावतें. नियम मोडला होता, आणि कारण कोणाला सांगतां येत नव्हतें. कॅरेच्या दृष्टीनें पाहतां कारण उघड होतें. पिलाच्या पहारेकऱ्यांपैकीं कांहीं जण केवळ बापाकडची परवली जाणतात. आईच्या मज्जेजवळ ती नसते. म्हणून ते तिला परकी समजतात.

परवली ऐकणारा कान कोणता, हें १९९० नंतर कळलें. अमेरिकेंत कार्लहोफर व योकोयामा यांनीं १९९२ सालीं उंदरांतील असा ग्राहक दाखविला, आणि इटलींत जिनोआ येथें मोरेट्टा बंधूंनीं मनुष्याच्या मारक पेशींवरील ग्राहक शोधून काढले. कोणाच्या अंगीं कोणते ग्राहक असावेत हें वंशपरंपरेनें ठरतें, आणि तें एच्‌एल्‌ए चिन्हांपासून स्वतंत्रपणें ठरतें. या स्वतंत्रपणाचें महत्त्व इटलींतीलच एका लहान शहरानें जगाला दाखवून दिलें.

तें शहर पेरुजा. तीव्र ल्युकेमियावर अस्थिमज्जेच्या रोपणाचा उपाय डॉनल टॉमस यानें १९५७ पासून अमेरिकेंत चालविला होता व त्याबद्दल त्याला १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. जबर औषधांनीं व किरणांनीं रोग्याची मज्जा जाळून टाकावयाची आणि दुसऱ्याची मज्जा तिच्या जागीं पेरावयाची, असा हा उपाय. पण मज्जा देणाऱ्याचीं चिन्हें जुळावीं लागत. सख्ख्या भावंडाशीं तीं पुरतीं जुळण्याचा संभव चारांत एक. भावंडेंच नसलीं किंवा जुळलीं नाहींत, तर परक्या दात्यांच्या याद्या धुंडाळीत बसावयाचें, आणि तीव्र ल्युकेमिया वाट पाहत बसत नाहीं. आई किंवा बाप मात्र प्रत्येक मुलाशीं निम्मे जुळतातच. तेव्हां निम्म्या जुळणीवर रोपण करतां आलें तर बहुतेक प्रत्येक रोग्याला घरांतच दाता मिळेल, हा विचार उघड होता. अडचण ही कीं, दात्याच्या टी-पेशी रोग्याच्या कातडीवर, आंतड्यांवर व यकृतावर तुटून पडत आणि रोग्याचा बळी घेत. मार्तेल्ली, आव्हेर्सा व त्यांचे पेरुजाचे सहकारी, आणि इस्राएलमधील याईर राइस्नर यांनीं यावर तोड काढली. दात्याच्या रक्तांतून टी-पेशी जवळजवळ सर्व गाळून टाकावयाच्या, आणि मूळपेशींची मात्रा मात्र नेहमींच्या कितीतरी पट द्यावयाची.

या धाडसावर सर्वांचा आक्षेप एकच होता. टी-पेशी काढून टाकल्या म्हणजे उरल्यासुरल्या ल्युकेमियाला मारणार कोण? रोग उलटून येईल. पुष्कळांच्या बाबतींत तो उलटून आलाहि. परंतु आंद्रेआ वेलार्दी व लोरेदाना रुज्जेरी यांनीं रोग्यांची वर्गवारी निराळ्या रीतीनें केली. कांहीं जोड्या अशा होत्या कीं, दात्याच्या मारक पेशी जी परवली मागत ती रोग्याजवळ नव्हती; कांहींत ती होती. २००२ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेले आंकडे वाचून वैद्यकजगत् चकित झालें. तीव्र मज्जाजन्य ल्युकेमियाच्या रोग्यांत, जेथें परवली जुळत होती तेथें पांच वर्षांत रोग उलटण्याचा संभव शेंकडा ७५ होता. जेथें जुळत नव्हती, म्हणजे जेथें दात्याचे पहारेकरी रोग्याच्या रक्ताला परकें समजत होते, तेथें तो शून्य होता. पांच वर्षें रोगमुक्त जगण्याचा संभव पहिल्या वर्गांत शेंकडा ५, दुसऱ्यांत ६०. त्याहून आश्चर्य हें कीं, या मारक पेशींनीं रोग्याचें इतर शरीर सोडून दिलें. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असें दिसलें कीं, टी-पेशींना चिथावणी देणाऱ्या रोग्याच्या पेशींनाच त्या आधीं मारतात, आणि त्यामुळें कातडीवरचा व आंतड्यांवरचा हल्लाहि टळतो. लसिकाजन्य तीव्र ल्युकेमिया झालेल्या प्रौढ रोग्यांना मात्र हा लाभ झाला नाहीं.

शून्य हा आंकडा फार काळ शून्य राहत नसतो. २००७ सालीं पेरुजाच्याच मंडळींनीं अधिक रोग्यांचा हिशोब दिला तेव्हां, रोग आटोक्यांत असतां ज्यांचें रोपण झालें त्यांच्यांत उलटण्याचें प्रमाण ३ टक्के विरुद्ध ४७ टक्के निघालें. हाहि फरक प्रचंडच आहे. परंतु इतर शहरांतून सर्वत्र अशी साक्ष मिळाली नाहीं. जेथें दात्याच्या टी-पेशी गाळून टाकीत नसत तेथें मारक पेशींचा प्रभाव अंधुक झाला, कोठें दिसला, कोठें मुळींच दिसला नाहीं. २००८ सालीं पेरुजाच्या वैद्यांनीं दाखविलें कीं, त्यांच्या पद्धतींत बापापेक्षां आईनें दिलेलें रक्त मुलांना अधिक मानवतें. गर्भावस्थेंत आईची प्रतिकारशक्ति मुलाच्या रक्ताशीं परिचित झालेली असते, हें त्यांनीं कारण सांगितलें. हें वाचून कोणाचेंहि मन भरून यावें. पण १२१० रोपणांचा आढावा घेऊन पेकिंगच्या वैद्यांनीं २०१४ सालीं उलट सांगितलें. त्यांच्या पद्धतींत, जींत टी-पेशी काढीत नाहींत, बापाचें दान अधिक हितकर ठरलें. पद्धत बदलली कीं दाता बदलतो. भावनेला येथें जागा नाहीं, असें म्हणवत नाहीं. पण हिशोब आधीं विचारावा लागतो, हें खरें.

रोपणावांचून नुसत्या मारक पेशींचें दान देतां येईल काय, हा पुढचा प्रश्न होता. मिनेसोटा येथें जेफ्री मिलर यानें तो प्रयोग केला व २००५ सालीं प्रसिद्ध केला. उपाय थकलेल्या तीव्र मज्जाजन्य ल्युकेमियाच्या १९ रोग्यांना नातेवाइकांच्या मारक पेशी, आधीं जबर औषधें देऊन, शिरेंतून दिल्या. पांच जणांचा रोग पूर्णपणें ओसरला. एकोणीसांत पांच हा आंकडा लहान दिसतो. पण ज्यांना कोणतेंहि औषध लागू पडत नव्हतें अशांतले ते पांच होते.

दरम्यान या पेशी दुसऱ्याच वाटेनें रोज कामाला लागल्या होत्या, आणि तें फारसें कोणाला जाणवलें नव्हतें. १९९७ सालीं अमेरिकेंत रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला मान्यता मिळाली. बी-पेशींच्या लसिकाग्रंथी-कर्करोगावर आज जगभर वापरलें जाणारें हें औषध रोगी पेशीला जाऊन चिकटतें. मारक पेशीच्या अंगावर प्रतिपिंडाचें शेपूट पकडणारा एक हात असतो. त्या हाताला शेपूट लागलें कीं परवलीची वाट न पाहतां ती वार करते. २००२ सालीं फ्रान्समध्यें कार्त्रों व सहकाऱ्यांनीं ४९ रोग्यांचे हे हात तपासले. या हाताच्या घडणींत एका जागीं एकच अमिनो-आम्ल कोणाचें एक, कोणाचें दुसरें असतें. ज्यांना आईबापांकडून घट्ट पकडणारा प्रकारच मिळाला होता त्यांच्यांत वर्षाअखेर शेंकडा ९० जणांना गुण टिकून होता. इतरांत ५१ जणांना. तेंच औषध, तीच मात्रा. औषध लागू पडलें नाहीं म्हणून वैद्याला किंवा पथ्याला बोल लावणाऱ्या घरांनीं हा आंकडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

पहारेकरी जर इतका दक्ष, तर ल्युकेमिया होतोच कसा? कारण चोर पहारेकऱ्याच्या संवयी शिकतो. संकटांत सांपडलेली पेशी आपल्या अंगावर कांहीं विशिष्ट खुणा उभारते. त्या पकडणारा ग्राहक मारक पेशीवर असतो, हें १९९९ सालीं कळलें. ल्युकेमियाच्या पेशी या खुणा अंगावरून झाडून रक्तांत सोडतात, आणि मारक पेशीचा हात त्या सुट्या खुणांतच गुंतून पडतो. २०१९ साली ट्यूबिंगेन व बाझेल येथील संशोधकांनीं याहून कुटिल प्रकार उघड केला. ज्या थोड्या मूळपेशींपासून सारा रोग पुन्हा उगवतो त्या या खुणा उभारीतच नाहींत. म्हणजे पहारेकरी फौज कापतो आणि सेनापति सुटतो. शिवाय रोग्याच्या स्वतःच्या मारक पेशीहि संख्येनें व शक्तीनें खचलेल्या आढळतात. आणि क्वचित् ही मारक पेशी स्वतःच कर्करोगी होते. पूर्व आशियांत हा विकार इतर ठिकाणांहून अधिक दिसतो. अशाच एका रोग्याच्या रक्तांतून १९९२ सालीं काढलेला ‘एन्‌के ९२’ हा पेशींचा वाण आज इतर कर्करोगांवर शस्त्र म्हणून पारखला जात आहे. विषावर विषाचा उतारा, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

गस्तीला थोडा लोकपुरावाहि आहे. जपानमध्यें सायतामा प्रांतांतील ३६२५ स्त्री-पुरुषांच्या रक्ताची मारकशक्ति मोजून अकरा वर्षें त्यांच्यावर नजर ठेवण्यांत आली. २००० सालीं निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांची शक्ति कमी त्यांना पुढें कर्करोग अधिक झाला. यावरून मारकशक्ति वाढविणारीं चूर्णें व अर्क विकणाऱ्यांचें फावलें. पण मोजण्यासारखी शक्ति आणि विकत घेण्यासारखी शक्ति या निरनिराळ्या वस्तु आहेत, आणि असें एखादें चूर्ण ल्युकेमियाला आवरतें याला आधार नाहीं.

औषधांच्या मार्गानें या पेशींना चेतविण्याचे प्रयत्न झाले. त्यांची परवली ऐकण्याची शक्तिच प्रतिपिंडानें बुजवून टाकावी, म्हणजे त्या निःशंकपणें मारतील, अशी एक युक्ति निघाली. वृद्ध ल्युकेमिया-रोग्यांवर ती करून पाहतां ती निष्फळ ठरली. आश्चर्य नाहीं, ज्या पहारेकऱ्याला परवली कधींच ऐकूं येत नाहीं तो पहारेकरी लवकरच आळशी बनतो. या पेशींच्या बाबतींत हें खरोखरच आढळून आलें आहे. ज्या मारक पेशीला बालपणीं घरची परवली भेटली नाहीं ती पुढें धडपणें मारीत नाहीं.

हल्लींचा प्रयत्न पेशींना नवीन नेत्र देण्याचा आहे. रोग्याच्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांना कृत्रिम ग्राहक बसवून परत देण्याची पद्धति २०१७ पासून अमेरिकेंत मान्य झाली आहे. मुंबईच्या आय्‌आय्‌टी व टाटा रुग्णालयाच्या सहकार्यानें सिद्ध झालेल्या अशाच उपायाला भारतांत ऑक्टोबर २०२३ मध्यें मान्यता मिळाली. पण त्या पेशी ज्याच्या त्यालाच चालतात; प्रत्येक रोग्यासाठीं निराळी तयारी, आणि तितके आठवडे वाट. शिवाय त्या खवळल्या तर रोग्याला प्राणघातक ताप चढतो. मारक पेशी परक्याच्या चालतात व त्या शरीरावर उलटत नाहींत, हें पेरुजानें दाखविलेलेंच होतें. ह्यूस्टन येथें कॅटी रेझवानी व सहकाऱ्यांनीं नवजात अर्भकांच्या नाळेंतील रक्तांतून मारक पेशी काढल्या, त्यांना बी-पेशी ओळखणारा ग्राहक बसविला, आणि लसिकाग्रंथी-कर्करोग व दीर्घकालीन ल्युकेमियाच्या ११ रोग्यांना दिल्या. २०२० सालीं निकाल आला. आठांना गुण आला, सात जणांचा रोग दिसेनासा झाला, आणि तो भयंकर ताप कोणालाहि आला नाहीं.

२०२४ सालीं ३७ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. गुण आलेल्यांचें प्रमाण निम्म्यावर उतरलें होतें, आणि वर्षाअखेर रोग न वाढलेले शेंकडा ३२ च होते. फरक कशानें पडतो हें शोधतां शोधतां संशोधक पुन्हा सुइणीच्या खोलीपर्यंत मागें गेले. ज्या नाळेंतलें रक्त प्रसूतीनंतर चोवीस तासांच्या आंत गोठविलें होतें, आणि ज्यांत अपक्व तांबड्या पेशी कमी होत्या, त्या रक्तापासून केलेल्या पेशी रोग्यांना अधिक लाभल्या. तेव्हांपासून ह्यूस्टनमध्यें नाळेच्या पिशवीवरची वेळ पाहणें, हा दाता निवडण्याचा एक भाग होऊन बसला आहे.